केमनकर, मुक्काम ग्रँड केमन

केमनकर हे आडनाव कुठल्याच कुलवृत्तांतात सापडणार नाही. मूळचा हा गृहस्थ ठाण्याचा, डोंबिवलीचा, नाशिकचा नाहीतर कोथरूडचा. सीएची फायनल दुसऱ्या प्रयत्नात सुटलेली, आर्टिकलशिप फोर्टातल्या एखाद्या काळोख्या हापिसात झालेली, पुढे बड्या ऑडिट फर्ममध्ये काही वर्षं खर्डेघाशी. मग एक दिवस ग्रँड केमनची ऑफर येते. बायको, एक मूल, दोन प्रेशर कुकर आणि पोलिसांचा चारित्र्याचा दाखला घेऊन तो लंडनमार्गे कॅरिबियन समुद्रातल्या बेटावर उतरतो. त्या दिवसापासून तो केमनकर.

अमेरिकेला गेलेल्याला कुणी नकाशा मागत नाही. केमनकराला मात्र निरोपाच्या जेवणातच भूगोलाचा तास घ्यावा लागतो.

"केमन? म्हणजे येमेन का रे?" आत्या विचारते. "तिकडे बॉम्ब पडतात ना?"

"नाही गं आत्या. क्यूबाच्या खाली, जमैकाच्या वायव्येला. ब्रिटिशांच्या ताब्यातलं आहे."

"अजून?" असं म्हणून आत्या त्याच्या पानात जादा श्रीखंड वाढते. मग काकांची पाळी. वेस्ट इंडिजच्या बाजूला चाललाय म्हटल्यावर काकांना लारा आठवतो. लारा त्रिनिदादचा, ते बेट कॅरिबियनच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि केमनचे खेळाडू वेस्ट इंडिजच्या संघात नसतातच, त्यांचा स्वतःचा वेगळा संघ आहे, हे केमनकर जीव तोडून समजावतो. काका सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "म्हणजे तिथेही सिलेक्शनमध्ये राजकारण!"

तो तिथे नेमकं काय करतो हे तर घरात कुणालाच कळलेलं नाही. कळण्यासारखं ते आहे असंही नाही. न्यूयॉर्कमध्ये बसलेला एक माणूस जगभरातल्या श्रीमंतांचा पैसा गुंतवतो, पण त्या फंडाचा पत्ता असतो केमनचा. कायद्याने अशा नोंदणीकृत फंडाच्या हिशेबावर केमनच्या मान्यताप्राप्त ऑडिटरचीच सही लागते. पैसा बेटावर कधी पाऊलही टाकत नाही, त्याचा हिशेब तेवढा येतो, आणि त्या हिशेबाच्या मागे केमनकर. राजधानी जॉर्ज टाउनमध्ये युग्लंड हाउस नावाची एक साधी पाच मजली इमारत आहे. अमेरिकी सरकारच्या २००८ च्या एका अहवालाप्रमाणे त्या एका पत्त्यावर तेव्हा १८,८५७ कंपन्या आणि तत्सम संस्था नोंदलेल्या होत्या. केमनकर पाहुण्यांना ती इमारत मुद्दाम दाखवायला नेतो. पाहुणे फोटो काढतात आणि विचारतात, "पार्किंगचं कसं करतात?"

आता या माणसाच्या दैवाचा खेळ पाहा. केमनमधले उत्तम दिवस म्हणजे डिसेंबर ते एप्रिल. हवा कोरडी, समुद्र निळाशार, जहाजांतून पर्यटकांच्या झुंडी उतरतायत. आणि फंडांचं वर्ष संपतं ३१ डिसेंबरला. म्हणजे जानेवारी ते एप्रिल केमनकर वातानुकूलित खोलीत ताळेबंद जुळवत बसलेला. खिडकीतून समुद्र दिसतो, तोही पडदा ओढलेला नसेल तर. हिशेब दाखल करायची शेवटची मुदत जूनअखेर. ती उरकून तो शर्टाच्या बाह्या वर करून बाहेर येतो, तोवर १ जूनला सुरू झालेला चक्रीवादळांचा हंगाम अंगात आलेला असतो. लोक जिथे आठ दिवसांच्या सुट्टीसाठी वर्षभर पैसे साठवतात, तिथे हा वर्षानुवर्षं राहतो, आणि त्याच्या कपाळावर टोपीची फिकट खूणही उमटत नाही. उमटणार कशी, कपाळ सदैव स्क्रीनसमोर.

बेटावर आयकर नाही. हे वाक्य केमनकराने लग्नात घेतलेल्या नावासारखं उखाण्यात गुंफायचं तेवढं बाकी ठेवलंय. मात्र बाहेरून येणाऱ्या बहुतेक मालावर २२ टक्के आयात शुल्क आहे, आणि बेटावर बाहेरून न येणारी वस्तू शोधायला भिंग लागतं. त्यात चलनाचा घोळ. केमनचा डॉलर अमेरिकी डॉलरपेक्षा वजनदार, १९७४ पासून एकाला १.२० या भावाने बांधलेला. दुकानातली पाटी केमनी डॉलरची, पगाराचं गणित अमेरिकी डॉलरचं, आणि मन अजून रुपयाचं. त्यामुळे भाजीच्या दुकानात केमनकर एखाद्या समाधिस्थ माणसासारखा उभा दिसतो. हातात कोथिंबिरीची जुडी, ओठ किंचित हलतायत. केमनीचे अमेरिकी, अमेरिकीचे रुपये, रुपयांतून ठाण्यातल्या भाजीवाल्या मावशींनी फुकट घातलेल्या जुड्या वजा. उत्तर आलं की तो जुडी परत ठेवतो. वहिनी, म्हणजे केमनकराची बायको, ती उचलून टोपलीत टाकते.

वहिनीवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण या संसारात खरं बेटावर राहायला गेली ती वहिनीच. ठाण्यात ती बँकेची शाखा चालवत होती. बेटावर तिच्या कागदावर शिक्का बसला तो अवलंबित म्हणून. स्वतःचं वर्क परमिट नसेल तर नवऱ्याच्या परमिटवर आलेल्या बायकोला नोकरी करता येत नाही. मोदकही विकता येत नाहीत. पहिले सहा महिने ती रडली, हे केमनकर सांगत नाही, ती सांगते. मग तिने बेटाचं ऑडिट सुरू केलं. कुठल्या दुकानात कुठल्या वारी जहाजाचा माल लागतो, रविवारी मोठी सुपरमार्केटं बंद म्हणून शनिवारी किती वाजता गर्दी ओसरते, कुणाच्या परसात आंब्याचं झाड आहे आणि ते कुटुंब आंबे खाऊन कंटाळतं कधी. माहेर मालवणचं असल्यामुळे एका अंगणात लोंबणारं फळ तिने गाडीतूनच ओळखलं. "अहो, थांबवा! नीरफणस!" ताहितीहून याची रोपं १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायने सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला आणली, मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात पोसायला. शेजारची केमनी म्हातारी तो नारळाच्या दुधात शिजवते. वहिनीने रव्यात घोळवून काप तळले आणि ताटली शेजारी दिली. तेव्हापासून म्हातारी फळ पाडते, वहिनी काप करते, निम्मे इकडे निम्मे तिकडे. पैशाचा व्यवहार नाही, त्यामुळे परमिटचा प्रश्न नाही.

कढीपत्ता हा तिथला खरा जहागीरदार. बेटावरच्या मराठी मंडळींत एक कुंडी फिरते. परमिटची मुदत संपून जो जातो तो ती पुढच्याच्या हवाली करतो, सोबत जुना मिक्सर, गणपतीचं मखर आणि पुरणयंत्र. केमनकराला ही कुंडी एका नागपूरकराकडून मिळाली, त्याला एका गोव्याच्या डॉक्टरीणबाईंकडून. बेटावर सर्वांत जुना रहिवासी तो कढीपत्ता, आणि त्याला परमिटसाठी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागत नाही.

वादळाच्या हंगामात केमनकर बहरतो. सप्टेंबर २००४ मधल्या आयव्हन वादळाने ग्रँड केमनची धूळधाण केली होती. तेव्हा हा बारावीत असला तरी आयव्हनबद्दल आपण तिथेच होतो अशा थाटात बोलतो. त्याच्याकडे एक्सेलची यादी आहे: पाणी, बॅटऱ्या, डबाबंद राजमा, पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत. वहिनीची यादी वेगळी: पातळ पोह्यांचा चिवडा चार किलो. वादळ बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी वळण घेऊन दुसरीकडे जातं, आणि मग महिनाभर घरात सकाळ-संध्याकाळ चिवडा. गणपतीही नेमके याच दिवसांत. किनाऱ्याभोवती सागरी अभयारण्याचे कडक नियम, तिथे काही सोडलं तर दंड व्हायचा, ही केमनकराची धास्ती. त्यामुळे चहूबाजूंनी समुद्र असलेल्या या बेटावर बाप्पांचं विसर्जन होतं बाथरूममधल्या निळ्या बादलीत. आजूबाजूला पंधरा ऑडिटर "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणतात. त्यांतले काही जण मनात म्हणतात, एप्रिलनंतर.

मग आई-बाबा येतात. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त. पहिल्याच पहाटे ते सेव्हन माइल बीचवर चालायला गेले आणि नाश्त्याला येऊन त्यांनी बॉम्ब टाकला.

"सात मैल नाहीये."

"बाबा, नावच तसं आहे."

"नावाला काय जातंय? मी पावलं मोजली. सहाच्या आतच भरतोय. टेंडर कुणाचं होतं?"

बाबांना बेट पटेना. डोंगर नाही, नदी नाही. नळाला येतं ते समुद्राचं खारं पाणी गोडं केलेलं. डोंगर दाखवा म्हटल्यावर केमनकराने लाजत लाजत कचरा डेपोकडे बोट दाखवलं. बेटावरची सर्वांत उंच जागा तीच, असं तिथले लोकही हसत सांगतात. रस्त्यावर मोकाट फिरणाऱ्या कोंबड्यांनी तर बाबांची झोप उडवली. "कुणाच्या आहेत?" "कुणाच्याच नाहीत." बिनमालकाची कोंबडी ही गोष्ट त्यांच्या हिशेबात बसेना. ते रोज संध्याकाळी कोंबड्या मोजत आणि आकडा कमी-जास्त झाला की सुनेला कळवत.

आईला वेस्ट बेला 'हेल' पाहायला नेलं. काळ्या, टोकदार चुनखडीचा पसरलेला तुकडा, बस्स. त्या जागेचं नावच हेल, म्हणून तिथला टपालाचा शिक्का मारून पर्यटक पोस्टकार्डं पाठवतात. आई कठड्याला धरून दोन मिनिटं बघत राहिली. "लंडनच्या विमानतळावर सात तास बसून नरक बघायला आलो होय रे?" पण पोस्टकार्ड तिने घेतलं, आणि नणंदेचा पत्ता न विचारताच घातला.

एका बाबतीत मात्र बाबांनी मुलाला मागे टाकलं. केमनमध्ये दुकानात, दवाखान्यात, लिफ्टमध्ये शिरलं की आधी गुड मॉर्निंग म्हणायचं. न म्हणता काम सांगितलं तर समोरची बाई थंड नजरेने बघते आणि काम आपोआप लांबतं. ऑडिटरचं तोंड प्रश्न विचारायला उघडायची सवय, त्यामुळे केमनकर वर्षानुवर्षं चुकतो. बाबा आयुष्यभर हापिसात पट्टेवाल्यापासून साहेबापर्यंत नमस्कार घालत आलेले. पंधरा दिवसांत किनाऱ्यावरचे मच्छीमार त्यांना नावाने हाक मारू लागले. मुलाला तिथे फक्त "तुमचे चिरंजीव का?" एवढी ओळख उरली.

हे सगळं चाललं होतं केमनकराच्या बेटावरच्या आठव्या वर्षी, आणि आठवं वर्ष फार वाईट. परमिटवर राहायची मुदत पूर्वी सात वर्षं होती, २०१३ मध्ये ती नऊ झाली. आठ पूर्ण झाली की कायमच्या रहिवासासाठी अर्ज करता येई, नाहीतर गाशा गुंडाळून किमान वर्षभर बेटाबाहेर. अर्जाला ११० गुण लागत. शिक्षणाला गुण, नोकरीला गुण, घर घेतलं तर गुण, समाजसेवेला गुण. ज्याने सोसायटीच्या मीटिंगला कधी तोंड दाखवलं नाही तो केमनकर शनिवारी सकाळी किनाऱ्यावर हातमोजे घालून प्लास्टिक वेचताना दिसू लागला. आणि उरलेले गुण इतिहास-संस्कृतीच्या परीक्षेचे. सीए झाल्यावर परीक्षेला बसणार नाही अशी शपथ घेतलेला माणूस, रात्री जेवणानंतर लेकीकडून प्रश्न विचारून घेत होता.

"राष्ट्रीय झाड?"

"नारळ."

"सिल्व्हर थॅच पाम. बाबा, तुम्ही कालपण नारळच म्हणालात. राष्ट्रीय पक्षी?"

"कोंबडी," सोफ्यावरून आजोबा.

"पोपट!" लेक हताश. ती होडी चालवते, समुद्रातल्या पाकट माशांना हाताने खाऊ घालते, आणि तिला हे सगळं अभ्यास न करता येतं. गंमत अशी की गुण तिच्या बापाने मिळवायचे आहेत.

एका प्रश्नाला मात्र केमनकर कधी चुकत नाही. फेब्रुवारी १७९४ मध्ये बेटाच्या पूर्व टोकाशी प्रवाळखडकांवर आपटून दहा जहाजं फुटली. गावकऱ्यांनी होड्या घालून माणसं वाचवली. त्यात राजघराण्यातलं कुणी होतं, म्हणून तिसऱ्या जॉर्जने खूश होऊन बेटाला कायमची करमाफी दिली, अशी दंतकथा. जहाजं फुटली हे खरं. करमाफीच्या आज्ञेचा कागद मात्र इतिहासकारांना कुठेच सापडलेला नाही. व्हाउचर नसेल तर चहाचं बिल पास न करणारा हा माणूस, ही गोष्ट सांगताना उभा राहतो. त्याचा आवाज भरून येतो. लाटा, होड्या, राजाचं औदार्य, सगळं यथासांग होतं.

त्या रात्री त्याने ती गोष्ट बाबांना सांगितली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"याचा जीआर निघाला होता?"

"जीआर नाही, बाबा," केमनकर वही मिटत म्हणाला. "पण मार्क आहेत."