एका निकालाचे चार पत्ते

आपल्या न्यायव्यवस्थेच्या एका गुणाची वाखाणणी अजून कुणी केलेली नाही. निकाल एकच देतात, पण त्याला नावं मात्र सढळ हाताने. केशवानंद भारती खटल्याचं घ्या. निकाल छापणाऱ्या नागपूरच्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये तो ‘एआयआर १९७३ एससी १४६१’, लखनौच्या सुप्रीम कोर्ट केसेसमध्ये, म्हणजे एससीसीत, ‘(१९७३) ४ एससीसी २२५’, आणि अधिकृत सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्समधलं (एससीआर) पान आणखी तिसरंच. सुरतेच्या अठवा लाइन्सच्या कोर्टात एका वकिलाच्या हाती एआयआर, दुसऱ्याच्या हाती एससीसी. दोघंही एकाच परिच्छेदासाठी तावातावाने भांडतात आणि मागे ज्युनियर घामाघूम होऊन झेरॉक्स चाळतो. लोकशाही म्हणतात ती हीच.

२०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तटस्थ क्रमांक आणला. कुणाच्याही पुस्तकाची गरज नसलेला, फुकटचा. गुजरात उच्च न्यायालयाचाही ‘जीयूजेएचसी’ अक्षरांचा क्रमांक आला. आधीच्या क्रमांकांना निवृत्त करण्याचा अविचार मात्र कुणी केला नाही. चौथ्याला शेजारी जागा करून दिली.

हीच शिस्त सुरत महापालिकेने रिंग रोडच्या कापड बाजारात आणावी. प्रत्येक दुकानाला चार नंबर: एक नागपूरचा, एक लखनौचा, एक सरकारी, एक तटस्थ. पहिले दोन बघायचे तर वर्गणी भरा. आत साडी आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा.

केशवानंदचा निकाल तेरा न्यायमूर्तींचा, सात विरुद्ध सहा, शेकडो पानांचा. त्याचे क्रमांक तोंडपाठ असलेले वकील पैशाला पासरी आहेत. निकाल वाचलेला कुणी भेटला तर कळवा.