बंदरावर येताना

जालन्याला बंदर आहे हे ऐकून कुणी पोहण्याचे कपडे भरून निघत असेल, तर चार सूचना. बंदर खरंच आहे, पण कोरडं. 2015 साली दरेगाव-जवसगावच्या माळावर त्याची पायाभरणी झाली. समुद्र तीनशेहून अधिक किलोमीटरवर, त्यामुळे भरती-ओहोटीचं वेळापत्रक मागू नये. नळाला पाणी कधी येणार, हे मात्र उतरल्या उतरल्या विचारून घ्यावं. तिथे ओहोटी असते, भरतीचं काही सांगता येत नाही.

लाटा उन्हाच्या. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गॉगलपेक्षा डोक्याला उपरणं बरं. मासा बघायचाच असेल तर अंबडला जावं: मत्स्योदरी देवीची टेकडीच माशाच्या आकाराची आहे. जहाजांची हौस असणाऱ्यांनी 2013 मध्ये यायला हवं होतं. त्या दुष्काळात टँकरांचं अख्खं आरमार जिल्हाभर फिरत होतं आणि धक्क्यावर घागरी घेऊन गर्दीही असे.

आठवण म्हणून शंख-शिंपले मिळणार नाहीत. मोसंबी घ्या, बियाणं घ्या. सळईही इथली नावाजलेली, पण ती बारा मीटरची असते आणि वंदे भारतच्या रॅकवर मावत नाही.