पहिली चिठ्ठी त्याच्या नावाने

लग्नाला दोन वर्षं झाली आणि गोड बातमी नाही, की घर सुनेला कामाला लावतं. उपास तिचे, सोनोग्राफी तिची, गर्भनलिकांचा एक्स-रे तिचा, दुर्बिणीतून पोटाची तपासणीही तिचीच. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी? सगळ्यात शेवटी, काही घरांत तर कधीच नाही. वास्तविक या तपासणीला ना सुई लागते, ना भूल. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, हे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आलेत.

1986 साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आलं. तेव्हापासून प्रयोगशाळा पार बदलली, घरातला हा क्रम बदलला नाही.

या उशिराची किंमत तीच मोजते. मुलगी जन्मते तेव्हा तिच्याकडे दहा ते वीस लाख स्त्रीबीजं असतात. पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात. नवी तयार होत नाहीत. पस्तिशीनंतर संख्या आणि दर्जा दोन्ही झपाट्याने घसरतात. आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचं तंत्र, गेलेलं वय परत आणत नाही. एएमएच ही रक्तचाचणी स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देते, दर्जाचा नाही. म्हणून पस्तिशीच्या आत वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहाच महिने वाट पाहून डॉक्टर गाठावा. ‘माझ्यात काय दोष असणार’ म्हणत नवरा वर्ष काढतो, तेव्हा ते वर्ष तिच्या स्त्रीबीजांतून वजा होतं.

शुक्राणू कमी असले तर एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडता येतो. पण त्यासाठीही रोजची इंजेक्शनं तिला, भूल तिला, स्त्रीबीजं काढायची तिचीच. कारण त्याचं असलं तरी उपचार तिच्या शरीरावर होतो. मग निदान तपासणीला तरी त्याने पुढे व्हावं.

बायांनो, हे माहीत असणं तुमचा हक्क आहे. 2021च्या कायद्याने आयव्हीएफ केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. यशाची शक्यता, खर्च आणि धोके समजावून सांगणंही केंद्राला बंधनकारक आहे. ‘माझ्या वयाच्या किती जणींच्या हातात मूल आलं?’ असं थेट विचारा. नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टांच्या आकड्यावर समाधान मानू नका. आणि पहिल्या भेटीला एकटीने, किंवा सासूबाईंबरोबर जाऊ नका. नवऱ्याला घेऊन जा. त्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत दुर्बिणीच्या तपासणीला होकार देऊ नका.