म्हैस : होय की नाही

हातकणंगले तालुक्यात हिशेबाच्या माणसांना तोटा नाही. हुपरीत चांदीच्या कणाकणाचा हिशेब ठेवणारे आहेत, इचलकरंजीत कापडाच्या मीटरवर प्रपंच चालवणारे आहेत. तरीही आमच्या दूध संस्थेचा कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडला, कारण मी शाळेत गणित शिकवायचो आणि माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरवाला आहे. कमिटीच्या मते विद्या रक्तातून येते. भाच्याकडून मामाकडे.

सभासद, लिटर, फॅट, एसएनएफ असं सगळं एका पीसीवर ॲक्सेसच्या फाइलीत सुखानं नांदत होतं. पण दुसऱ्या टेबलावरूनही बिलं निघावीत म्हणून सर्व्हर आला, आणि भाचा फोनवर सांगत गेला तसतसे मी सगळे तक्ते एसक्यूएल सर्व्हरवर हलवले. फॉर्म जुनेच ठेवले. "दिसायला काही फरक नाही," असं मी चेअरमनना छाती फुगवून सांगितलं.

पहिल्याच बिलावर सभासदांची नावं गायब! मराठीसाठी रकाना 'एनव्हारचार' लागतो, मी नुसता 'व्हारचार' ठेवला होता. त्या एका 'एन'पायी अख्खं गाव प्रश्नचिन्हांत गेलं. बरं, काना, मात्रा, वेलांटी, प्रत्येकीचं प्रश्नचिन्ह वेगळं, त्यामुळं नाव जितकं भारदस्त तितकी शंका मोठी. जुन्या फाइलीतून नावं पुन्हा चढवली. मग दराचा तक्ता एक अक्षर बदलू देईना. त्याला प्रायमरी की नव्हती. एक सभासद तर सर्व्हरवर चढायलाच तयार नव्हता. मी कधीतरी त्याचं प्रवेशाचं साल 1998 ऐवजी 1098 टाइप केलं होतं, ते ॲक्सेसनं निमूट पोटात घातलं. सर्व्हरचा 'डेटटाइम' मात्र 1 जानेवारी 1753 च्या मागं जात नाही, कारण इंग्लंडनं 1752 साली कॅलेंडर बदलताना सप्टेंबरातले 11 दिवस गाळले, आणि त्याआधीच्या तारखांच्या भानगडीत तो पडत नाही. म्हणजे शिलाहारांच्या राज्यापासून हा गृहस्थ आमच्याकडं दूध घालत होता, तेही बोनस न मागता.

खरी झोप उडवली ती एका निरोपानं. पहाटे संस्थेत मी एकटा, समोर नव्या सभासदाची नोंद. फॅट भरून सेव्ह करावं तर पडद्यावर येतं, ही नोंद दुसऱ्या कुणीतरी बदलली आहे. कुणी? मी दुसऱ्या टेबलावरची वायर उपटली, शिपायाला घरी पाठवलं, कुलूप बदललं, खिडकीतून बाहेर डोकावून आलो, तरी तो 'दुसरा' माझ्याआधी हजर. घरी सांगितलं तर ही म्हणाली, "अहो, तुम्हीच झोपेत बदलत नसाल ना?" त्या रात्री मी चष्मा कपाटात ठेवून झोपलो.

रविवारी भाचा आला, चहा संपायच्या आत हसायला लागला. फॉर्मवर 'म्हैस आहे का?' असा चौकोन आहे. ॲक्सेसच्या चौकोनाला होय आणि नाही, दोनच गोष्टी ठाऊक. सर्व्हरच्या 'बिट'ला रिकामंही राहता येतं. नवे सभासद मी एक्सेलमधून थेट सर्व्हरवर चढवले होते, त्यांचा तो रकाना कोराच. फॉर्म तो 'नाही' असा वाचायचा, सेव्ह करताना पडताळायचा, तिथं 'नाही' सापडायचं नाही, आणि बिचारा समजायचा की मधल्यामध्ये कुणीतरी हात मारला. "मामा, तो दुसरा म्हणजे तुम्हीच," भाचा म्हणाला. कोऱ्या रकान्यांत शून्य भरलं, नव्या नोंदीला आपोआप शून्य पडेल असं केलं, वर 'रोव्हर्जन' नावाचा एक रकाना जोडला. भूत गेलं.

भाच्याला एसटीत बसवून मी निर्धास्तपणे म्हैस दुधाची यादी काढली. कोरी! ॲक्सेसच्या पोटात 'होय' म्हणजे -1, सर्व्हरवर 1. आणि सर्व्हरवर मी जुनीच -1 ची अट जशीच्या तशी चिकटवलेली. बिलाच्या दिवशी, खिडकीत रांग लागलेली असताना, गावात एकही म्हैस उरली नव्हती. मी हे शक्य तितक्या तांत्रिक भाषेत समजावून सांगत होतो, तोच रांगेतली पहिली म्हातारी पदर खोचत पुढं आली.

"मास्तर, सकाळीच लाथ खाल्लीया मी तिची. त्या यंत्राला सांगा, हाय म्हणून."