चेहऱ्याचा खुराक

सिल्वासात टोकरखाडा म्हटलं की सरकारी शाळा आठवतात. एबीसीडी तिथं फुकट शिकवतात. तीच एबीसीडी जवळच्या कटलरीच्या दुकानात एमआरपीने मिळते: ए सुरकुत्यांना, बी-थ्री डागांना, सी तेजाला आणि ई सगळ्यालाच. पोटात मेथीची भाजी गेली की नाही, हे कुणी विचारत नाही. चेहऱ्याचा खुराक मात्र दोन्ही वेळचा चालू आहे.

बाटलीच्या दर्शनी बाजूला ‘व्हिटॅमिन सी’ ही ठसठशीत अक्षरं आणि कापलेलं संत्रं. मागची बाजू वाचायला भिंग लागतं. सौंदर्यप्रसाधनांचे २०२०चे नियम सांगतात की एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं छापा; त्याखालचे कसेही छापा. म्हणून पहिला मान पाण्याचा, मग ग्लिसरीन, मग ओळीनं जीभ अडखळवणारी मंडळी, आणि अत्तराच्याही मागे कुठंतरी व्हिटॅमिन. लग्नपत्रिकेवर मंत्रिमहोदयांचं नाव ठळक टायपात असतं, साहेब अक्षता टाकून पाच मिनिटांत पसार होतात आणि पंगतीत वाढणाऱ्या पुतण्याचं नाव कुठंच नसतं, त्यातलाच हा प्रकार. कातडी मऊ करतं ग्लिसरीन, फोटो छापून येतो संत्र्याचा.

सगळंच थोतांड आहे असंही नाही. ए घराण्यातलं ट्रेटिनॉइन १९७१पासून अमेरिकेत मुरमांवरचं मान्यताप्राप्त औषध आहे. पण ते डॉक्टरला विचारून लावायचं, आणि गरोदरपणी मुळीच नाही. बी-थ्री, म्हणजे नायसिनामाइड, चार-पाच टक्के असेल तर डाग थोडे फिके करतं, तेही दोनेक महिने धीर धरला तर. ई व्हिटॅमिन बाटलीतलं तेल खवट होऊ देत नाही, हे त्याचं खरं कर्तृत्व. १९९९मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत १५ जणांच्या शस्त्रक्रियेच्या व्रणांवर ते लावून पाहिलं. व्रण सुधारले नाहीत, तिघांतल्या एकाला वर पुरळ उठलं. सी कामाचं खरं, पण महा नाजूक. हवा, उजेड, उष्णता, काही म्हणजे काही सोसत नाही. गडद बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवावं लागतं. आमच्या दुकानदारानं ते पारदर्शक बाटलीत आणलं आणि मे महिन्यात काचेच्या शोकेसमध्ये मांडलं, शोभा यावी म्हणून.

राहिलं डी. हे एकच व्हिटॅमिन त्वचा स्वतः तयार करते, उन्हात, एक पैसा न घेता. म्हणूनच की काय, नाक्यावर कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या मुली डोळे सोडून सगळं ओढणीत गुंडाळतात. मग शिफ्टभर पत्र्याखाली पॅकिंग. पाय दुखायला लागले की दवाखान्यातून साठ हजार युनिटांचं डी-थ्रीचं पाकीट मिळतं, आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायचं. मुलींना कशाला बोल लावायचा? काळवंडू नकोस हे त्यांना घरातल्या आत्या-मावश्यांनीच शिकवलं, आणि ‘फेअर अँड लव्हली’ तर १९७५पासून बाजारात होती. २०२०मध्ये ‘फेअर’चं ‘ग्लो’ झालं, ट्यूबवर ‘मल्टिव्हिटॅमिन’ आधीपासून होतंच. गोरं करायची ती आता उजळवते, आरशापुढची मुलगी तीच.

उन्हाचे डाग खरोखर नको असतील तर साधं सनस्क्रीन लावावं. ते आमच्या दुकानात मागच्या फळीवर, मच्छर अगरबत्तीशेजारी असतं.

शोकेसमधलं ते सीरम नवरात्रापर्यंत चहाच्या रंगाचं झालं. मी म्हटलं, “शेठ, हे उतरलंय, काढून टाका.”

“अरे भाई, उतरलं नाही, मुरलंय,” शेठ म्हणाले. “संत्र्याचा रंग आत्ता कुठं आलाय. याचे पन्नास रुपये जास्त पडतील.”