आठ भागिले नातेवाईक

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राजकारणाला बंदी आहे. जमिनीच्या वाटणीचा विषय काढायचा नाही, असाही अलिखित करार आहे. त्यामुळे परवाचं भांडण ८ ÷ २(२ + २) वरून झालं.

या गणितानं २०१९ साली ट्विटरवर धुमाकूळ घातला होता. आमच्याकडे ते आत्ता पोचलं, तेही 'फक्त हुशार लोकांसाठी' असा शेरा मिरवत. बँकेतून निवृत्त झालेल्या नानांनी उत्तर दिलं १६. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या मावशीनं १ लिहिलं आणि पुढे हात जोडले. आमच्याकडे जोडलेल्या हातांचा अर्थ 'विषय संपला' असा होतो. विषय संपला नाही.

दोघंही शपथ घेत होते एकाच मंत्राची: कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मराठी शाळेत पदावल्या सोडवलेला माणूस लग्नाचा वाढदिवस विसरेल, हे विसरणार नाही. पण मंत्र शब्दशः पाळला की फसलात. १० − ३ + २ घ्या. 'बे' आधी म्हणून बेरीज उरकली तर उत्तर ५. खरं उत्तर ९. भागाकार-गुणाकार एका पंगतीला, बेरीज-वजाबाकी दुसऱ्या, आणि वाढप डावीकडून, असा खरा नियम आहे. डावीकडचं कलम मंत्रात मावलं नाही, म्हणून ते कोणाच्या पाठही नाही.

नाना डावीकडून निघाले: ८ भागिले २, चार, चार चोक सोळा. मावशीचा मुद्दा असा, की २ आणि कंस यांच्यात गुणिलेचं चिन्हच नाही, म्हणजे ती 'चे'ची जोडी. आधी तिचा निकाल लावा. हा निव्वळ मास्तरणीचा हट्ट नव्हे. १/२क असं लिहिलेलं दिसलं की भलेभले लोक २क एकत्रच धरतात. शास्त्रीय कॅल्क्युलेटरांतही काही नानांच्या पक्षाचे आहेत, काही मावशीच्या.

मग भाच्यानं दुकानातला साधा कॅल्क्युलेटर पुढे केला. त्या यंत्राला मंत्राची दीक्षाच नसते. ३० रुपयांचे २ नारळ आणि २० रुपयांचे ३ पुडे, म्हणून २ × ३० + ३ × २० ओळीनं दाबा. १२० च्या जागी १२६० येतात. वाणी अशा वेळी एम-प्लस दाबतो. प्रत्येक रक्कम वेगळी साठवतो आणि शेवटी बेरीज काढतो. कंसाचं इतकं चोख काम मी कुठल्या वहीत पाहिलेलं नाही.

माझं मत विचाराल तर नाना बरोबर, मावशीही बरोबर, आणि गणित लिहिणारा नापास. त्याला १६ हवे होते तर (८ ÷ २)(२ + २) लिहायचं, १ हवा होता तर ८ ÷ (२(२ + २)). तेव्हा पुढच्या वेळी असलं कोडं पाठवाल, तर आधी कंस घाला. फोनच्या कीबोर्डवर दोन्ही बाजूंचे फुकट मिळतात.