तोफ विजापूरला गेली

मुलांना युद्धाच्या बातम्या कशा समजावून सांगाव्यात, हे मला खुशाल विचारा. मी समजावल्यावर काय झालं, ते मात्र माझ्या मुलांना विचारू नका.

2025 चा मे. 7 तारखेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं, त्याच दिवशी देशात ठिकठिकाणी सायरन वाजवून नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, आणि परंड्यातल्या आमच्या घरात टीव्ही जो लागला तो बंद व्हायचं नाव घेईना. चॅनेलवाले दर दोन वाक्यांमागे सायरन वाजवत होते. धाकटी चिमी उशी घेऊन पलंगाखाली गेली. बाप म्हणून आता आपणच पुढे व्हायला हवं, असं मला वाटलं. घरातल्या बऱ्याच गोष्टी याच वाटण्यातून बिघडलेल्या आहेत.

सरहद्द किती लांब आहे ते दाखवलं की भीती जाईल, या हिशेबाने मी थोरल्याचा नकाशासंग्रह काढला. त्यात परंडा नव्हतंच, म्हणून सोलापूरच्या वर पेनाने एक ठिपका दिला, तो जरा जाड झाला आणि बार्शी, भूम, करमाळा सगळेच त्यात गडप झाले. मग तिथून कराचीपर्यंत बोट फिरवत "हजार किलोमीटरच्या वर आहे बघा" असं म्हणतोय, तोवर चिमीने पलंगाखालून हात काढून मोजलं. वीतसुद्धा भरेना. थोरला म्हणाला, "बाबा, क्षेपणास्त्राला कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागत नाही."

दुसऱ्या दिवशी दोघांना किल्ल्यात नेलं. घराजवळ एवढा भक्कम भुईकोट असताना नकाशे हवेत कशाला? खंदक झाला, तटबंदी झाली, बुरुजावरच्या तोफेच्या तोंडात हात घालून चिमीने मूठभर वाळका पाला काढला आणि कालपासून पहिल्यांदा हसली. तिथेच परत फिरायला हवं होतं. पण मला इतिहास येतो. मी मुलुख मैदान काढली: 1549 साली अहमदनगरला ओतलेली, नंतर या आपल्या परंड्याच्या किल्ल्यात असलेली, दहा हत्ती आणि चारशे बैल जुंपून ओढली म्हणतात अशी!

"कुठंय ती?"

"विजापूरला. 1632 साली नेली."

"म्हणजे आपली मोठी तोफ गेलीय आणि कुणी परत आणलीच नाही?"

घरी येताच ती पुन्हा पलंगाखाली. या खेपेला थोरलाही.

त्या रात्री चॅनेलांनी कराचीचं बंदर उद्ध्वस्त केलं (ते जागेवरच होतं, हे मागाहून कळलं) आणि ऐन वेळी आमची लाईट गेली. परंड्यात मे महिन्यात लाईट जायला युद्ध लागत नाही, तरी "ब्लॅकआउट!" म्हणून पहिला ओरडलो तो मीच, आणि मेणबत्ती शोधता शोधता आईच्या पानाच्या डब्यावर पाय पडून चुन्यावरून घसरलो, आधाराला मच्छरदाणी धरली, तर तीच दोऱ्यांसकट अंगावर आली. घरातला पहिला जखमी मी.

आईने बॅटरी लावली, पलंगापाशी बसली आणि इतका वेळ कुणालाच न सुचलेलं विचारलं, "काय ऐकलीस गं बाई तू? कशाचं भ्या वाटायलंय?"

तेव्हा कुठे कळलं. वर्गातल्या मैत्रिणीचे बाबा फौजेत, जम्मूकडे. ती भेटली तर तिच्याशी बोलायचं काय, याचा चिमीला घोर होता.

"बोलायचं कशाला? उद्या खेळायला बोलीव तिला," आई म्हणाली. मग 1948 ची गोष्ट निघाली. रझाकारांच्या धामधुमीत आई लहानपणी बैलगाडीतून बार्शीला गेली होती. मागे राहिलेली म्हैस शेजारच्या मुसलमान घराने सांभाळली, आणि सप्टेंबरात निजामाचं सैन्य शरण आल्यावर मंडळी परतली, तर म्हशीबरोबर नवं रेडकूही त्यांनी दावणीला आणून बांधलं. चिमीला त्या रेडकाचं नाव हवं होतं. ते ठरवता ठरवता ती झोपली.

मुलांना आधी काय ठाऊक आहे ते विचारा, बातम्यांचा मारा कमी करा, मदत करणाऱ्यांच्या गोष्टी सांगा, असं युनिसेफही सांगते. आईने युनिसेफ वाचलेलं नाही. मी वाचलं, पण सगळं उरकल्यावर.

10 मे रोजी केंद्राकडून चॅनेलांना सूचना गेली की कार्यक्रमांत सायरनचे आवाज वापरू नका. मला लेखी काही आलेलं नाही. आमच्या सौंनी तोंडीच कळवलं.